दोन मिनिटं सदतीस सेकंद

चार वाजून नऊ मिनिटं, एकेचाळीस सेकंद. लाइन एक: तार निघाली.

राखाडी ब्लँकेटच्या घडीत अडकलेला, नखाएवढा, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा.

तक्रारवही: "नेट सारखं जातं-येतं. कृपया लक्ष घालणे." त्याखाली तीच तक्रार, दुसऱ्या शाईत. त्याखाली नुसतंच "वरीलप्रमाणे".

समुद्रापलीकडच्या एका स्वयंपाकघरात, पहाटे, एका बाईने फोनच्या काचेवरून अंगठा फिरवला.

पंखा पाचवर. खिडकीचा पडदा तापलेला.

"आता द्या."

*

सोमवारी सकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा नेटवाल्या बाई एका शिवणकारखान्यात शिडीवर उभ्या होत्या. दातांत स्क्रू होता. तो काढून त्यांनी फोन घेतला.

"बाई, लगेच या. गुरुवारपासून नेटचा जीव जातोय आणि येतोय. डॉक्टरांना रिपोर्ट उघडत नाहीत. नातेवाइकांचे कॉल मध्येच तुटतात."

"दुसरी लाइन आहे ना?"

"दोन्ही आहेत. असून नसल्यासारख्या." मग सिस्टरांचा आवाज खाली आला. "आणि सहा नंबरच्या खोलीतल्या आजोबांची मुलगी येऊन बसलीय. आजोबा गुरुवारी गेले. तिला तुमच्याशीच बोलायचंय."

"माझ्याशी? मी काय केलं?"

"तेच तिला विचारायचंय बहुतेक," सिस्टर म्हणाल्या.

बाई शिडीवरून उतरल्या. या शुश्रूषागृहात चौदा खोल्या होत्या आणि चौदाही कायम भरलेल्या. बरं व्हायला इथे कुणी येत नसे. शेवटी दुखू नये, एवढ्यासाठी येत. तिथलं नेट बाईंनीच बसवलं होतं आणि सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांचा सर्वांत जास्त जीव याच जागेवर होता. इथे कॉल तुटला तर पुन्हा लावता येईलच, असं नसतं.

*

नेटची यंत्रं ब्लँकेटच्या कपाटात होती. दुसरीकडे जागाच नव्हती. तळमजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याखाली. खालच्या तीन फळ्यांवर ब्लँकेटं आणि उशांचे अभ्रे. वरच्या फळीवर दोन कंपन्यांचे दोन डबे आणि त्या दोघांच्या मधे काळा फायरवॉल राउटर.

एका घराला दोन दारं आणि दोन्हींवर मिळून एकच राखणदार, असं बाई गिऱ्हाइकांना समजावत. एक दार बंद पडलं की राखणदार सगळ्यांना दुसऱ्या दाराने काढतो. वीसेक सेकंद गोंधळ होतो, मग सुरळीत. कॉल चालू असेल तर चित्र थिजतं आणि पुन्हा हलायला लागतं.

फळीच्या कडेला बाईंच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता: "हात लावू नये. विचारल्याशिवाय तर नाहीच."

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. लाइन एकचा दिवा विझला. दार लोटलं. दिवा लागला. पुन्हा उघडलं. विझला.

"बरं," बाई स्वतःशी म्हणाल्या.

त्यांनी पहिल्या वायरला नुसतं बोट लावलं. वायर सुटून हातात आली. अशा वायरच्या टोकाला प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते. आत सरकवली की टक् करून बसते आणि ती दाबल्याशिवाय वायर निघत नाही. इथे जीभच नव्हती. मुळापासून तुटलेली. तेव्हापासून वायर भोकात नुसती टेकून होती, कुणी ब्लँकेट काढायला दार उघडलं की निसटत होती, आणि राखणदार बिचारा माणसांना या दारातून त्या दारात पळवत होता.

तुटलेली जीभ वरच्या ब्लँकेटच्या घडीत सापडली.

बाईंनी नवी वायर लावली. टक्. तीन मिनिटांचं काम. एवढ्यावर त्या निघू शकल्या असत्या.

पण जीभ आपोआप तुटत नाही. त्यांनी लॅपटॉप जोडला आणि फायरवॉलची नोंद उघडली.

गुरुवार
४:०९:४१ लाइन एक: तार निघाली
४:०९:५८ सगळी वाहतूक लाइन दोनवर
४:१२:१८ लाइन दोन: तार निघाली
४:५०:०६ लाइन दोन: तार लागली
४:५०:२० लाइन एक: तार लागली

त्यापुढे सोमवारपर्यंत लाइन एक एकेचाळीस वेळा निघाली होती आणि लागली होती. लाइन दोन एकदाही नाही.

बाई बराच वेळ त्या पाच ओळींकडे बघत राहिल्या. कुठलीही लाइन मरते ती दोन प्रकारांनी. कंपनीकडे काही बिघडलं, रस्त्यात कुणी केबल खणली, तर डबा जिवंत असतो, फक्त हाकेला ओ येत नाही. मग नोंद होते, "पलीकडून उत्तर नाही." इथे तसं नव्हतं. इथे तार निघाली होती. याच फळीवरून. एक, आणि मग दुसरी.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवायला नको होती. गुरुवारी चारच्या सुमारास त्यांच्या फोनवर निरोप आला होता: लाइन एक बंद. फायरवॉल तसा निरोप पाठवते. बाई तेव्हा भाजी निवडत होत्या. दुसरी आहे की, असं म्हणून त्यांनी फोन पालथा ठेवला होता. दुसरी गेल्याचा निरोप आलाच नाही. दोन्ही दारं बंद झाल्यावर निरोप्या बाहेर पडणार कुठून?

*

"तुम्हीच नेटवाल्या का?"

कपाटाच्या दाराआड एक बाई उभी होती. चाळिशीची. प्रवासात चुरगळलेले कपडे दोन दिवस तेच असावेत.

"मी सहा नंबरची. म्हणजे अण्णांची मुलगी."

"बसा ना."

"बसून बसून कंटाळले." तरी ती जिन्याच्या पायरीवर बसली. "मला एकच विचारायचंय. यंत्रात कळतं का हो, कॉल कुणी बंद केला ते?"

"काय झालं होतं?"

"मी रोज फोन करायचे. इथले चार, माझ्याकडे पहाट. एक तास. तीन आठवडे एकही दिवस चुकला नाही. अण्णा टॅबसमोर बसलेले असायचे, शर्टबिर्ट घालून. छान बोलायचे. गुरुवारी बोलता बोलता एकदा चित्र थांबलं, मग परत आलं. अण्णा म्हणाले, काय गं, कुठे गेलीस. मी म्हटलं, इथेच आहे."

तिने कपाटातल्या दिव्यांकडे पाहिलं.

"मग थोड्या वेळाने परत थांबलं. अण्णांचा चेहरा तसाच. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्या गालावरून अंगठा फिरवला. काचेवरून. आणि कॉल संपला. तसंच लिहून आलं, 'कॉल संपला.' लाल बटण तिथेच असतं ना, खाली."

"तुम्हाला वाटतं की तुमचा अंगठा लागला."

"मला वाटत नाहीये. मला कळायला हवंय. चार दिवस मी तो अंगठा बघतेय. अण्णा पावणेपाचच्या आत गेले. शेवटचं बोलणं मीच तोडलं की काय, एवढंच सांगा. काहीही असलं तरी चालेल."

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर लॅपटॉपवर समोर होतं. पण अर्धं उत्तर दिलं की माणूस उरलेलं अर्धं मागतो, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं.

"नंतर पुन्हा लावलात?"

"चौदा वेळा. लागेना. इथल्या स्वागतकक्षाच्या टेबलावर केला, तोही नाही."

"टेबलावरचा फोन नेटवरच चालतो. मग इथे सोबत कुणी होतं, त्यांना?"

"माझ्या भावाला, बापूला, बावीस वेळा. उचलला नाही. फोन घरी राहिला होता म्हणाला."

"कॉल चालू असताना भाऊ कुठे होता?"

"खोलीतच. टॅबच्या मागे बसायचा, मला कधी दिसायचा नाही. त्या दिवशी मध्येच उठला. ब्लँकेट आणतो म्हणाला. हळू आहे तो पहिल्यापासून. शाळेत असताना आम्ही जेवून हात धुवायचो तेव्हा बापूची पहिली पोळी." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "तुम्ही शोधाल?"

"तासाभरात सांगते," बाई म्हणाल्या.

*

स्वागतकक्षातल्या कारकुनाला सगळे 'थांबा' म्हणत. तोंडातून दुसरा शब्द क्वचित निघे.

"गुरुवारी चार वाजता कुठे होता?"

"थांबा हं, आठवू द्या. चहाला. रोज चार ते सव्वाचार. आल्यावर बघतो तर सगळं बंद. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला."

"कपाट उघडून नाही बघितलं?"

"तुम्हीच कागद लावलाय, हात लावू नये. मी कशाला लावू? नाहीतर तुम्हीच म्हणाल, थांबाने घोळ घातला."

"दुसरी लाइन आहे हे माहीत आहे तुम्हाला?"

"म्हणजे काय. अर्ज मीच टाईप केला. डबे मांडताना टॉर्च कुणी धरला होता?"

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मी, तुम्ही, मोठ्या सिस्टर. बाकी लोकांना ते दिव्यांचं डबडं एवढंच माहीत. तीन डबडी आहेत हेसुद्धा कुणी मोजलं नसेल."

"समजा तुम्हाला इथलं नेट बंद करायचंय. कसं कराल?"

थांबा घाबरला. "मी कशाला करू?"

"समजा म्हटलं."

"भिंतीवर बटण आहे ना. एक दाबलं की तिन्ही बंद. वायरींशी कोण खेळत बसेल?"

बाईंनी मान डोलावली.

ब्लँकेटं मावशींच्या ताब्यात होती आणि मावशी त्या ब्लँकेटांना पोटच्या पोरांसारखं जपत.

"चाळीस आहेत. गुरुवारी संध्याकाळी अडतीस. मी म्हटलं, या उकाड्यात ब्लँकेट पांघरणारा कोण मायेचा पूत निघाला? इथे पंख्यासाठी भांडणं चाललीत."

"सापडली?"

"सहा नंबरला. खुर्चीवर, एकावर एक. घडीसुद्धा मोडलेली नाही. आजोबा तर गेलेले. मी परत नेते म्हटलं तर त्यांचा मुलगा म्हणाला, राहू द्या मावशी आजचा दिवस. मी राहू दिली. अशा वेळी कोण नाही म्हणणार?"

"कपाटातून ब्लँकेट कोण काढतं? तुम्हीच?"

"नातेवाईकही काढतात की. कुलूप कुठेय? फक्त घडी विस्कटायची नाही, एवढं मी बजावलंय."

*

पहिली फेरी. कपाटापासून सहा नंबरच्या दारापर्यंत. व्हरांडा संपेपर्यंत सरळ, मग डावीकडे, चाकाच्या खुर्च्यांना वळसा. बाईंना लागली छप्पन्न सेकंदं.

दुसरी फेरी. परत. छप्पन्नच.

दोन्ही मिळून एक मिनिट बावन्न सेकंद. लाइन एक आणि लाइन दोन यांच्यामधलं अंतर दोन मिनिटं सदतीस. पंचेचाळीस सेकंद उरतात.

पंचेचाळीस सेकंदांत काय होतं?

तिसऱ्या फेरीत बाई सहा नंबरच्या दारात थांबल्या आणि घड्याळ बघत राहिल्या. वायर काढून आलेला माणूस इथे उभा राहतो. आत बघतो. कॉल चालूच आहे. अण्णा बोलतायत, हसतायत. त्याला कळत नाही. पुन्हा बघतो. मग कपाटातली दुसरी वायर डोळ्यांसमोर येते. हे सगळं व्हायला पंचेचाळीस सेकंद पुरतात. जास्तच होतात.

बाईंना एकदम तहान लागली.

*

मोठ्या सिस्टर औषधांच्या खोलीत होत्या. बाईंनी सहा नंबरचा तक्ता मागितला.

"तुम्हाला कशाला तो?"

"वेळा जुळवायच्यात."

सिस्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तक्ता काढून दिला. एक इंजेक्शन, दर सहा तासांनी. पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा. पहाटेची, सकाळची, रात्रीची वेळ रोज बिनचूक. दुपारची: पाच-पाच. पाच-दहा. पाच-आठ. वीस दिवस तेच.

"चारचं इंजेक्शन रोज पाचनंतर?"

"ते घेऊच द्यायचे नाहीत. त्याने झोप येते. पोरीशी बोलताना डोळा लागला तर तिला कळेल, म्हणायचे. नळीही काढून ठेवायला लावायचे, नाकातली. शर्ट घालून ताठ बसायचे. एक तास." सिस्टरांनी कापसाची बरणी उगाच सरकवली. "आम्ही दुखणं थांबवायला बसलोय इथे. आणि रोज एक तास आम्ही दारात उभं राहून बघायचं. त्यांचे हात चादरीखाली असायचे. आतल्या आत चादर पिळत राहायचे."

"मुलीला माहीत होतं?"

"शपथ घातली होती आम्हाला. मुलाला पण. त्याने बहिणीला एकदा सांगून बघितलं, लवकर आटप म्हणून. ती चिडली. तू दिवसभर असतोस, मला एक तास तरी दे, म्हणाली. तिचंही काय चुकलं?"

गुरुवारची ओळ वेगळी होती. चार-सोळा. सहाचा आकडा अर्धवट उमटला होता. पेनातली शाई संपली असावी.

"गुरुवारी चार-सोळाला कसं दिलंत?"

"मुलगा आला. म्हणाला, नेट गेलंय, कॉल बंद पडलाय. आता द्या."

"हाताच्या अंतरावर तुमचा रिपोर्टचा टॅब होता. खरंच गेलंय का, हे बघितलं नाहीत? का गेलं, विचारलं नाहीत?"

"मला इंजेक्शन द्यायचं होतं," सिस्टर म्हणाल्या.

त्या बरणीकडे बघत होत्या.

"पाच मिनिटांत चेहरा सुटला त्यांचा. तीन आठवड्यांत दुपारी पहिल्यांदा. झोपले. चार-एकेचाळीसला गेले. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या होणारच होतं. मुलाला कुठे माहीत, आजच आहे म्हणून. आम्हाला तरी कुठे होतं?"

*

सहा नंबरची खोली जवळजवळ रिकामी झाली होती. एक पिशवी, चष्म्याची डबी, टॅबचा स्टँड. खुर्चीवर ब्लँकेटं नव्हती, मावशींनी अखेर नेली होती. बापू खिडकीपाशी उभा होता. रुंद खांद्यांचा, सावकाश माणूस. बहीण पलंगाच्या कडेला बसली. बाई दाराशी उभ्या राहिल्या. मोठ्या सिस्टर त्यांच्या मागे.

"तुम्ही तासाभरात सांगते म्हणालात," बहीण म्हणाली.

"सांगते. आधी तुमचं. तुमचा अंगठा लाल बटणाला लागला असता, तर फक्त तुमचा कॉल संपला असता. इथली तार निघाली नसती. चार वाजून बारा मिनिटं अठरा सेकंदांनी या घराचं सगळं नेट बंद झालं. सगळ्यांचं. तुम्हाला 'कॉल संपला' दिसलं ते त्यामुळे."

"म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही."

उजवा अंगठा तिने डाव्या मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली. बाईंनी तिला वेळ दिला. त्यानंतरचं सांगायची त्यांना घाई नव्हती.

"मग काय, कंपनीचं बिघडलं?"

"नाही."

बापू खिडकीतून बाहेर बघत होता.

"कंपनीचं बिघडलं असतं तर नोंद वेगळी झाली असती. शिवाय एकाच दुपारी दोन कंपन्या, आणि दोन्ही एकाच वेळी परत? वायरी हाताने काढल्या. आधी एक, दोन मिनिटं सदतीस सेकंदांनी दुसरी. ब्लँकेट ओढताना धक्का लागला म्हणावं, तर धक्का लागून निघालेली वायर परत कोण बसवतं?"

"कुणी काढल्या?"

"ज्याला दुसरी लाइन आहे हे माहीत होतं, त्याने एका बटणात सगळं बंद केलं असतं. कारकून, सिस्टर, मी. म्हणजे आम्ही तिघं नाही. ज्याने केलं त्याला वाटलं, एक वायर काढली की झालं. वायर काढायचीही त्याला सवय नव्हती. जीभ दाबायची असते हे ठाऊक नव्हतं, त्याने ओढली, ती तुटली. दुसऱ्या वेळी त्याने नीट बघितलं आणि दाबून काढली. ती शाबूत आहे."

बाईंचा आवाज कोरडा होता. कामाचा आवाज. दुसरा कुठला त्यांना आत्ता परवडला नसता.

"पण दुसऱ्या वेळी जावं लागेल, हे त्याला कसं कळलं? कारण पहिली वायर काढून तो परत आला आणि त्याने पाहिलं की कॉल चालूच आहे. तुमचा कॉल. बाकी कुठल्याही खोलीतल्या माणसाला तो दिसला नसता. म्हणजे तो या खोलीत येणारा होता. कपाटापासून इथपर्यंत जाऊन येऊन जेवढा वेळ लागतो, तेवढाच मध्ये गेलाय. आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत येऊ नये म्हणून त्याने एक ब्लँकेट आणलं. म्हणून या उकाड्यात इथे दोन ब्लँकेटं होती. घडीही न मोडलेली."

पलंगावरून बहीण उठली नाही. तिने फक्त मान वळवली.

"बापू?"

बापूने खिडकीच्या गजावरचा हात काढला.

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"मीच काढल्या. दोन्ही. अण्णा गेल्यावर मीच परत लावल्या. पहिली नीट बसत नव्हती."

"फोन घरी राहिला होता म्हणालास."

"खिशात होता."

"बावीस वेळा लावला मी."

"माहीत आहे. मोजत होतो."

बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. चाक करकरत होतं.

"का?" बहिणीने विचारलं.

मागे न बघताही बाईंना कळलं की सिस्टरांनी श्वास रोखलाय. बापूची नजर एकदा बहिणीवरून सिस्टरांकडे गेली आणि तिथून बाईंकडे. त्या नजरेत विनवणी होती, आणि ती नेमकी कशाची, हे बाईंना तक्ता वाचल्यामुळे कळत होतं.

"राग आला," बापू म्हणाला.

"कसला?"

"सगळा. दिवसभर मी बसायचो. अंघोळ मी घालायचो, भरवायचो मी, रात्री उठायचो मी. आणि हसायचे ते तुझ्यासाठी. चार वाजले की शर्ट मागायचे. माझ्याकडे बघून तीन आठवड्यांत एकदा हसले नाहीत. मला वाटलं, एक दिवस नको. एक दिवस मला मिळू दे."

बोलताना त्याची जीभ एकदाही अडखळली नाही. सावकाश माणूस, पण हे त्याने चार दिवस मनात घोकलं असणार. त्यातलं काही खरंही असेल. बाईंना सांगता आलं नसतं किती.

"तू रागावलास की भांडी आपटतोस," बहीण म्हणाली. "लहानपणापासून. असा गुपचूप जाऊन काही करत नाहीस तू."

"तेव्हा लहान होतो."

ती बाईंकडे वळली. "हे खरं आहे?"

"वायरी त्यांनीच काढल्या. हे खरं आहे."

"आणि कारण?"

सिस्टर हलल्या नाहीत. बापूही नाही. बाईंना वाटलं, सांगावं. मुलीने विचारलंय, काहीही असलं तरी चालेल म्हणालीय. मग त्यांना डोळ्यांसमोर दिसली ती तीन आठवडे फोनसमोर बसलेली, एकही दिवस न चुकलेली, रोजचा एक तास मागून घेणारी. तिचा अंगठा त्यांनी तिला परत दिला होता. त्याच्या बदल्यात वीस दुपारी द्यायच्या?

"नोंदीत कारण नसतं," बाई म्हणाल्या. "वेळ असते फक्त."

बहीण उठली. पिशवी उचलली, चष्म्याची डबी आत टाकली. बापूने पिशवीला हात लावला तसा तिने तो बाजूला केला. जोरात नाही.

"माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. "किती दिवस ते मला माहीत नाही. पण बोलू नकोस."

"बरं, ताई."

ती गेली. तिची पावलं चाकाच्या खुर्च्यांना वळसा घालून व्हरांड्यात लांब जाताना ऐकू येत होती.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, मी सांगते तिला. अण्णांची शपथ अण्णांबरोबर गेली."

"नको." तो पलंगावर, बहीण बसली होती तिथेच बसला. "माझ्यावर रागावून ती जगेल. ते कळलं तर नाही."

आणि मग बाईंना म्हणाला, "त्या वायरीचं काही नुकसान झालं असेल तर..."

"काही नाही झालं," बाई म्हणाल्या. "वायर बदलली."

*

तक्रारवही. खाली बाईंच्या अक्षरात: "लाइन एकची वायर सैल होती. बदलली. दोन्ही लाइनी तपासल्या. लाइन एक काढून पाहिली: एकोणीस सेकंदांत दुसरीवर. लाइन दोन काढून पाहिली: अठरा सेकंदांत पहिलीवर. दोष नाही."

'दोष नाही' हे त्यांनी खोडलं. थोडा वेळ थांबून पुन्हा लिहिलं.

थांबाने विचारलं, "कुणी केलं होतं हो?"

"वायर सैल होती," बाई म्हणाल्या, आणि हेल्मेट घातलं.

*

गुरुवारी दुपारी सव्वातीनला, चारच्या कॉलसाठी, बापूने अण्णांची दाढी करून दिली होती.